आरशात धरलेली गोदू

१६ नोव्हेंबर २००३, रविवार

पोहोचलो एकदाचे! मी, दोन ट्रंका, ड्रॉइंग बोर्ड आणि आमच्या महाराणी गोदूबाई. गोंदियापासून रायपूरपर्यंत त्यांनी टोपलीतून जी तक्रार लावली होती, ती सगळ्या डब्याने ऐकली. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे? मी झाकण उघडून दाखवलं, तर त्या खिडकीकडे सरकून बसल्या.

खोली बूढापाऱ्यात, तलावापासून अगदी जवळ. गल्ली जुनी, अरुंद. समोरून स्कूटर आली की आपण भिंतीला चिकटायचं. घर मात्र त्यामानाने नवं, विजयाताईंच्या यजमानांनी बांधलेलं. ते आता नाहीत. मुलगा शिशिर भिलाईला नोकरीत. त्या शाळेतून रिटायर होऊन खाली एकट्याच राहतात. मराठे आले तेव्हापासून आमचं घराणं इथं आहे, हे त्यांनी चहा ओतायच्या आधी सांगून टाकलं. माझी खोली वरची. एक पलंग, एक खिडकी, बाहेर थोडी गच्ची, आणि भिंतीतच प्लास्टर करून बसवलेला एक मोठा आरसा. आडनाव सांगेपर्यंत माझं 'भाऊ' झालेलं होतं. गोदूला त्यांनी नीट न्याहाळलं आणि दुधाची वाटी ठेवली. म्हणजे जमणार.

राजधानी झाल्यापासून या गावाला रुंद व्हायची घाई झाली आहे, आणि आमच्यासारख्या हातानं नकाशे काढणाऱ्यांना पुन्हा भाव आला आहे. ऑफिस खासगी, काम सगळं सरकारी. उद्यापासून रुजू.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जीव गेला होता. सकाळी गच्चीवरून गोदू गेली ती आलीच नाही.

इथं पहाटे गच्चीवर काळी भुकटी पडलेली असते, सिलतऱ्याच्या कारखान्यांची. त्यात तिच्या पावलांचे ठसे कठड्यापर्यंत होते, पुढं काही नाही. दुपारपर्यंत मी गल्लीतलं प्रत्येक दुकान, प्रत्येक जिना धुंडाळला. पन्नाशीचा चष्मेवाला माणूस 'गोदू, गोदू' करत फिरतो आहे म्हटल्यावर लोक हसणारच. हसू देत. गोंदियाला टायफॉइडात मी पंधरवडाभर पडून होतो, तेव्हा शेजारी डबा दारात ठेवून जायचे. आत येणारी ती एकटीच. माझ्या मानेला पाठ लावून झोपायची. ताप कमी झाला तो औषधानं, हे मला कळतं. पण उठून बसावंसं वाटलं ते तिच्यामुळं. ती गेली तर मी काय करीन याचा विचार मी करत नाही, कारण तो करताच येत नाही.

संध्याकाळी सापडली. तलावाच्या काठावर बसून बगळे बघत होती. मला पाहून जांभई दिली.

तिला छातीशी धरून जिना चढताना विजयाताई भेटल्या. माझे डोळे बघून म्हणाल्या, "भाऊ, काहून एवढं रडून राहिले? नवं घर आहे, मांजर भटकणारच. आमच्याकडे आरसा दाखवतात. मग ते घर सोडत नाही."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आरसा दाखवून झाला. गंमतच.

रीत साधी आहे. मांजराला कडेवर घ्यायचं, तव्याच्या काजळीचं बोट त्याच्या कपाळाला लावायचं, घरातल्या आरशापुढं उभं राहायचं आणि तीनदा म्हणायचं, 'हेच तुझं घर.' विजयाताईंनी हात पुढं केले, मी गोदू दिली नाही. आजवर मी तिला कुणाच्या हातात दिलेलं नाही, आताच कशाला? त्या कुरकुरल्या, "माह्याजवळ द्या ना भाऊ. धरणाऱ्याचं बी त्याच्यात येते. मले कुठं जायचं आहे? मी इथंच मरणार. तुमी तं भाडेकरू." मी म्हटलं, राहीन की इथंच, तुमच्या हातचा चहा चांगला असतो.

तेव्हा मी हिरव्या चौकडीचा शर्ट घातला होता. गोदू आरशात स्वतःला बघून एकदम शांत झाली. काजळीचा टिळा लावलेली, गंभीर. आम्ही दोघं फारच छान दिसत होतो.

१४ डिसेंबर, रविवार

विजयाताईंना साडी घ्यायला हवी. दार सताड उघडं असतं, गोदू उंबऱ्याच्या आतच बसते. आज मुद्दाम मासळीचा तुकडा पायरीवर ठेवला. तिने मान लांब केली, मिशा हलवल्या, पण पाऊल टाकलं नाही. शेवटी मीच तो आत आणून दिला.

गच्चीवरही जात नाही. भुकटी लागत नाही, म्हणून आता ती पुन्हा पांढरीशुभ्र झाली आहे.

ऑफिसचे लोक सहलीला राजिमला गेले. मी वर्गणी भरली होती, पण निघताना जिन्यावर आलो आणि वाटलं, नको. घरीच बरं. दिवसभर दोघं उन्हात लोळलो. इतकं निवांत मला कधी वाटलं नव्हतं.

५ जानेवारी २००४, सोमवार

आज टेबलावर बूढापाऱ्याचा नकाशा आला. गल्लीचा रस्ता करायचा आहे. साहेबांनी पेन्सिलीनं रेघ मारून दिली होती, मी ती शाईनं पक्की करायची. रेघ ओढत ओढत वळणापर्यंत आलो, आणि मग कळलं, की ती विजयाताईंच्या जिन्यातून, माझ्या पलंगावरून आणि आरशाच्या भिंतीतून जाते आहे.

पट्टी धरली आणि रेघ पुरी केली. दुसऱ्या कुणी केलीच असती.

विजयाताईंना नोटिशीतून आधीच कळलं होतं. आठवडाभर रडून आता त्या शिशिरकडे भिलाईला जायला तयार झाल्या आहेत. मला टिकरापाऱ्यात खोली मिळते आहे. खिडकी मोठी आहे, गोदूला आवडेल.

१८ जानेवारी, रविवार

आज टिकरापाऱ्याला निघायचं होतं.

कोपऱ्यावरचा भैय्यालाल रिक्षा घेऊन आला. सामान चढवलं. गोदू टोपलीत, मी टोपली उचलून उंबरा ओलांडला. ती ओरडली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, मांजराचा म्हणून ओळखलाही नसता. झाकण उघडलं, तर ती ताणून लाकूड झाली होती, नाकातून रक्त, डोळे पांढरे. भैय्यालाल म्हणाला, "भैया, ये तो गई."

मी तिला उचलून उलटा धावलो. आत पाऊल पडलं आणि तिने श्वास घेतला. पाच मिनिटांनी दूध प्यायली.

दुपारी पुन्हा प्रयत्न केला. शालीत गुंडाळून, डोळे झाकून. तेच झालं. या वेळी श्वास यायला जास्त वेळ लागला. पुन्हा करणार नाही. सामान परत वर आणलं.

१९ जानेवारी

विजयाताईंना विचारलं, हे सोडवायचं कसं? त्या म्हणाल्या, "सोडवायसाठी कोणी बांधते का, भाऊ?" मग सांगितलं. सासऱ्यांचं घर पुरानी बस्तीत होतं. ते पाडलं, त्या दिवशी घरची काळी मांजर आतच बसून राहिली. ओढून काढली की मरायला टेकायची, म्हणून आत सोडली. मी विचारलं, मग? त्या चहा बघायला उठल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याबद्दल वाईट वाटणं होतं, आणि स्वतः कशातून तरी सुटल्याचा आनंदही होता. मी त्यांना दोष देत नाही.

२४ जानेवारी

दाढी करायला आरशापुढं उभा राहिलो. अंगात बनियन होतं. आरशातल्या माझ्या अंगात हिरव्या चौकडीचा शर्ट.

त्याच्या कडेवर गोदू. कपाळावर काजळीचा टिळा. आणि खरी गोदू माझ्यामागं पलंगावर झोपलेली. आरशातल्या पलंगावर कुणी नव्हतं.

मी हात हलवला. त्याने नाही हलवला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.

आरशावर चादर टाकली आहे.

२७ जानेवारी

ऑफिसला निघालो. शेवटच्या पायरीवरून गल्लीत पाय ठेवताना छाती आवळली, तोंडात रक्ताची चव आली. रुमाल लाल. परत वर आलो, आणि सगळं ठीक.

परवापर्यंत जात होतो, म्हणून वाटलं होतं, निदान मला तरी जाता येईल. तिला लगेच धरलं, मला हळूहळू. धरणाऱ्याचं बी त्याच्यात येते — त्यांनी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं.

३१ जानेवारी

शिशिर आईला न्यायला आला. वर येऊन म्हणाला, अंकल, चलिए ना, बिल्ली तो और मिल जाएगी. मी दार लावून घेतलं.

विजयाताई बाहेरून बोलत राहिल्या. मांजराले ठेवा आत, तुमी या, धरून नेतो आमी दोघं, काही होत नाही. मी म्हटलं, उद्या जातो, टिकरापाऱ्याची खोली पक्की आहे. त्यांना ते खरं मानायचं होतं. त्यांनी मानलं.

गेल्या.

२ फेब्रुवारी

हातोडी आणली खालून, जिन्यातल्या दारानं त्यांच्या माळ्यावरून. आरसा फोडला तर सुटेल का? की आरशातली गोदू फुटली की —

चादर काढली. हातोडी उगारली. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. टिळा अजून ओला.

नाही जमलं. मरेल. माझ्या हातानं मरेल. निदान आता आहे तरी.

४ फेब्रुवारी

वीज तोडली. शेजारची घरं रिकामी. भात संपला. गोदू माझ्या वाटणीचं बिस्कीट खाते. ती आता माझ्या जवळ येत नाही. दिवसभर उंबऱ्याच्या आत बसते, बाहेर बघत.

मी बोलावतो. ती बाहेरच बघते.

५ फेब्रुवारी

तलाव बघायचा असेल तिला. बगळे. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं — ती त्या दिवशी हरवली नव्हती. फिरायला गेली होती. संध्याकाळी आली असती.

मीच —

६ फेब्रुवारी

घर पाडायची मशीन आली. खालचा ओटा गेला. ओरडलो. त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नाही.

गोदू कडेवर. घट्ट धरली आहे. थरथरते. भीती वाटते, फार, पण एकत्र तर —

भिंत हलली. चादर पडली. आरशाला तडा. आडवा, मधोमध.

खालचा अर्धा तुकडा निखळला. त्यातच होती आरशातली गोदू. फुटला, चुरा —

ओरडली नाही. मेली नाही. माझ्या हातातून उडी — उंबरा — ओलांडला तिने. ओलांडला! रक्त नाही, काही नाही. जिना उतरून —

म्हणजे फोडला असता तर. त्या दिवशीच. हातोडी हातात होती —

वरचा तुकडा अजून भिंतीत आहे. माझा चेहरा, हिरवी कॉलर. हातोडी इथंच, पायाशी. उठायला हवं. एक घाव, बस.

पण खिडकीतून दिसते आहे ती. गल्लीच्या वळणावर. काळ्या भुकटीत पांढरी. थांबली आहे. वळून बघते का, एवढंच बघतो आणि मग उठ