दाखल्यापुरती चूल

सोनाळा

पुंजाजीकाका,

कॉलेजच्या फीमाफीले घरच्या कमाईचा दाखला लागते. आपलं घर एकत्र, म्हणून तुमची कमाईही बाबाच्या नावावर धरत. पटवाऱ्याले दाखवाले मायनं आंगणात वेगळी चूल मांडली, फक्त दाखल्यापुरती. तुमाले वाटलं, बाबा वाटणी मांगून राह्यले. काही न पुसता तुमी ती चूल लाथेनं फोडली अन् बाबाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली.

काल पटवारी आला. 'घरात कमावता मानूस नाही,' असं लिहून गेला. घ्या, तुमच्याच हातानं माह्यी फी माफ झाली.

हे पत्र जेलात धाडत नाही. वाचून तुमी सावध व्हाल. काकू तुमची वाट पाहून राह्यली. मी पण पाहून राह्यली, विळ्याले रोज धार लावत.

तुमची पुतणी,
कोकिळा