डावीकडून तिसरे

१२ जून, गुरुवार

भाषण करायचे आहे! मी — जी एमआरटीच्या गर्दीच्या ट्रेनमध्ये ‘एक्सक्यूज मी’ म्हणायला दोन स्टेशने घेते! पुढच्या रविवारी, इथल्या मराठी मंडळींसमोर. विषय: शंभर वर्षांपूर्वीच्या वकिलांचा पोशाख.

आधार सुरेखाकाकूंच्या भिंतीवरचा, १९११ चा फोटो. नऊ वकील: पगड्या, लांब कोट, धोतरे आणि खाली चकचकीत पंप शूज! डावीकडून तिसरे काकूंचे आजोबा. यिशुनच्या या फ्लॅटमध्ये मी भाड्याने राहायला आले, तेव्हा काकूंनी प्रथम त्यांनाच नमस्कार करायला लावला. काय रुबाबदार नाक!

‘आमचा तन्मय अगदी त्यांच्यावर गेलाय,’ काकू म्हणतात. तन्मय त्यांचा भाचा. तोच पगडी घालून माझ्याशेजारी उभा राहणार आहे. (याविषयी मी काहीही लिहिणार नाही.)

१४ जून, शनिवार

लिहिते! तो आला होता. नाटकाचा जुना कोट घेऊन. बटण एकही नाही. मी फोटोत पाहून तंतोतंत बटणे लावली — काजांवरच! तो समोर बसला होता, एवढे कारण पुरेसे आहे.

‘आत्या, तुझी विदुषी बघ! आता मी उघडाच उभा राहू?’

मी स्वयंपाकघरात पळाले.

१५ जून

फोटोतही बटणे त्याच बाजूला आहेत! भिंग लावून पाहिले. नऊच्या नऊ कोटांची बटणे बायकांच्या कपड्यांसारखी डावीकडे, वरचा खिसा उजव्या छातीवर. नऊ वकील एकदम उलटे कोट शिवून घेणार नाहीत. फोटोच उलटा छापला आहे!

मूळ प्रत वाळवीने खाल्ली, तेव्हा काकूंच्या बाबांनी काचेच्या जुन्या निगेटिव्हवरून नवी छापून घेतली. खालची नावे मात्र जुन्याच क्रमाने लिहिली. त्यांनी आपल्या वडिलांना पाहिलेलेच नव्हते. म्हणजे खरे आजोबा उजवीकडून तिसरे!

तिथे एक बुटके, गोल गृहस्थ आहेत. कान सुपाएवढे.

काकू दरवर्षी भलत्याच वकिलांना हार घालतात!

१८ जून, बुधवार

तन्मयला हार्बरफ्रंटला, त्याच्या ऑफिसखाली गाठून सांगितले. (मी! आपणहून!) पोट धरून हसला. ‘म्हणजे माझे नाक बेवारस!’ मग एकदम गंभीर: ‘आत्याला नको सांगूस. तिचा जीव आहे त्या चेहऱ्यात.’

गप्प राहणेही खोटेच ना? आणि खरे सांगून या घरात तोंड कसे दाखवू?

२२ जून, रविवार

उभी राहिले. आवाजच फुटेना! पहिल्या रांगेत काकू. तेवढ्यात तन्मयने गुपचूप डोक्यावरची पगडी फिरवली — मागची बाजू पुढे.

‘उलटी आहे!’ मी ओरडले. सभागृह खदखदून हसले आणि मला कंठ फुटला. पगडी, कोट, धोतर, शूज — बोलतच सुटले! बटणे तेवढी गाळली.

टॅक्सीत काकूंनी माझा हात धरला. ‘आज आजोबा खूश झाले असतील गं.’

एकदा फुटलेला कंठ थांबेना. सांगून टाकले. सगळे.

काकूंनी हात सोडला. घरी येऊन खोलीचे दार लावून घेतले.

२३ जून

भिंतीवर फोटो नाही. काकू तो मांडीवर घेऊन बसलेल्या, बोट त्या सुपाएवढ्या कानांवर.

‘हे माझ्या बाबांचे कान. विचारायचे, मी कुणावर गेलो गं? आणि कुणालाच सांगता यायचे नाही.’

मग त्यांनी केस मागे सारले. काकूंचे कान मी प्रथमच पाहिले.