अर्ध्यावर थांबणारी तलवार

तीर्थरूप ग्वेनताईस,

इडवलचा नमस्कार. आयर्लंडची ओल तुझ्या गुडघ्यांना फार छळत नसेल अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत, डोकं मात्र फिरलंय, आणि त्याला कारण आपलं गाव.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून चार वर्षं मी आयरिश आणि वेल्श तलवारींच्या इतिहासामागे हात धुऊन लागलोय, हे तू जाणतेसच. सहा प्रकरणं झाली. सातवं आपल्या गावच्या तलवारीवर, ते अजून कोरं. (फिंटनदाजी दर नाताळात म्हणतात, ती मुळात आयरिश, तुम्ही वेल्श लोकांनी ढापलीत. आयरिश तलवारीसारखं मुठीला कडं कुठाय, असं मी दर नाताळात विचारतो, आणि ते दर नाताळात आणखी बटाटे वाढून घेतात.) निकाल लावेल ती घडवणाऱ्याची निशाणी. वरच्या अर्ध्या पात्यावर ती नाही, म्हणजे असलीच तर खाली.

आणि खालचं दिसणार कसं? काव्यमेळ्यात विजेत्या कवीच्या डोक्यावर तलवार अर्धीच उपसायची, तीनदा "शांतता आहे का?" विचारायचं, लोकांनी "आहे" म्हटलं की परत म्यानात. पूर्ण उपसली तर शांतता मोडते म्हणे. अरे, मला काय लढाईला जायचंय? भिंगातून बघायचंय फक्त. समितीला अर्ज केला. समितीने चहा दिला, मनुकांचा केक दिला आणि विचार करायला उपसमिती नेमली. उपसमितीत तेच पाच जण, केकही तोच. तलवार सांभाळणाऱ्या एलुनेडबाई तर चॅपेलच्या कपाटाची किल्ली गळ्यात घालून फिरतात. मला म्हणाल्या, "अर्ध्यात शांतता होते ना, मग उरलेली उपसून कुणाशी भांडायचंय तुला?" जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. त्यांच्याआधी आपले आजोबा ती सांभाळायचे. ते असते तर त्यांनी नातवापुढे ती उघडी करून ठेवली असती.

शनिवारी मेळा. म्यान धरायचा मान यंदा माझा, मूठ एलुनेडबाईंकडे. तिसऱ्या वेळी म्यान वीतभर जास्त ओढायचं, असं मी ठरवलंय. मग गावाने वाळीत टाकलं तरी बेहत्तर.

तुझा संतापलेला भाऊ,
इडवल

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि मेळा होऊन गेला. वीतभर ओढलं. ताई, पातं संपलं. पुढे काही नव्हतंच. सुदैवाने लोक कवीकडे बघत होते, कारण तो रडत होता. एलुनेडबाईंनी तुकडा परत म्यानात सारला आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी कुंपण छाटायला नेली होती. पस्तीस वर्षं झाकतेय मी. आता ओरड." "आहे" असं सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. त्या बाईंना मी काय काय बोललो होतो, ते आठवून खरंच लाज वाटली. काल समितीला लिहून दिलं की तलवार पूर्ण उपसणं हा परंपरेचा घोर अपमान आहे. उपसमिती बरखास्त झाली, आणि त्याबद्दलही केक झाला.

आणखी एक. आजोबांनी तुझ्या लग्नात दिलेला तो लांब सुरा, ज्याने तू कोबी चिरतेस, तो दाजी घरात नसताना जरा नीट बघ. निशाणी असेल तर वर कागद ठेवून पेन्सिल घास आणि मला पाठव. वेल्श निघाली, तर कुठे पाहिली ते न सांगता सातवं प्रकरण लिहितो. आयरिश निघाली, तर तू कोबी चिरत राहा.