बिलालचा कॉम्प्युटर बंद करू नकोस

अल्फिया,

बिलालच्या कॉम्प्युटरचा पंखा पहिली दहा मिनिटं खरखरला, आता एका लयीत फिरतोय. तुझा भाऊ गेल्यापासून चौदा महिने तो बंदच होता.

माझ्या लॅपटॉपसाठी लिनक्स (लॅपटॉप चालवणारी सिस्टिम) त्यावर मूळ कोडपासून कंपाइल करायला लावलंय. लॅपटॉपवर तेच काम दोन दिवस चालतं आणि तो तापून बंद पडतो. इथं तासाभरात होईल. मी कुरकुंभच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला निघालेय. स्क्रीनवर सरकणारी अक्षरं थांबली की टेबलावरचा पेनड्राइव्ह लाव आणि माझ्या नावाचं 'मेहक' फोल्डर त्यात घे. तोवर बटणाला हात लावू नकोस.

तयार झालेल्या लिनक्समध्ये ते बनवणाऱ्या कॉम्प्युटरवरचं नाव आपोआप लिहिलं जातं. त्यामुळे लॅपटॉपवर बिलालचं नाव आणि पुढे आजची तारीख दिसेल. दचकू नकोस. एका ओळीत ते बदलता येतं. मी बदललं नाही.

हैदराबादला प्रवेश मिळाल्याचं पत्र फेब्रुवारीपासून माझ्या पर्समध्ये आहे, हे फक्त तुला माहीत. "भाभी, पत्र काय उबवत बसलीयस?" असं तू परवाही म्हणालीस.

आज पंख्याचा आवाज ऐकून अम्मी आमच्या खोलीच्या दाराशी चहा घेऊन आल्या, त्याच्यासाठी आणायच्या तसा. "उठला का गं बिलाल?"

त्या तो गेल्याचं असं विसरतात, तेव्हा एरवी मी 'हो' म्हणून चहा घेते. आज म्हणाले, "बिलाल नाही, अम्मी, मी आहे. आणि एक तारखेला मी पीएचडीसाठी हैदराबादला चाललेय."