आईचा हात आणि मावशीचा चेहरा

अण्णा,

ती तसबीर आईची नव्हती. आज सरळच लिहिते, कारण तुम्ही होतात तोवर मला ते धडपणे बोलू दिलं नाहीत.

धाराशिवच्या कचेरीसमोर तुमचं फोटोचं दुकान होतं, पाटी उर्दूत आणि मराठीत. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा. साहेबलोकांपासून सोनारीच्या जत्रेतल्या नवरा-नवरीपर्यंत सगळ्यांना तुम्ही काचेवर उतरवलंत, आईला मात्र एकदाही नाही. तिनं विचारलं की तुमचं ठरलेलं, "घरचंच माणूस हाय, कवाबी काढू. काचा गिऱ्हाइकालाच पुरंना झाल्यात." लढाई चालू होती, माल येत नव्हता, हे खरं. पण साहेबाच्या कुत्र्यासाठी काच निघाली होती, हेही खरंच.

मी सोळा वर्षांची होते. काचेखाली कागद ठेवून अंगणात उन्हावर फोटो छापायचं काम माझ्याकडं होतं. त्या दुपारी उन्हात काळा पडणारा तो फोटोचा एक कागद, कोपरा फाटलेला, उरला. आई चुलीपासून उठून दारात आली होती. मी म्हटलं, "आई, इथं हात ठेव."

"अगं, पीठ हाय हाताला."

"असू दे."

ती उकिडवी बसलीय, कागदावर पंजा टेकून. तवा तापलाय म्हणून कुरकुरतेय, पण हात हलवत नाही. उचलला तेव्हा कागद तांबूस काळा झाला होता आणि मधे पांढरा हात, वाकडी करंगळी, बांगड्यांची वळणं, पिठाचे चार ठिपके. उन्हात हातही काळा पडून पुसून जाऊ नये म्हणून फोटो पक्का करायच्या उरलेल्या औषधात मी कागद धुऊन घेतला. तुम्ही आलात, चिमटीत धरून पाहिलात. "ह्यो फोटो न्हाय. भिंगातनं येतो त्यो फोटो. ही नुसती सावली हाय. कागद नासलास." आईनं हात पुसले आणि ती आत गेली.

वर्षभरात ती तापानं गेली. मग घरात तिचा फोटो हवा म्हणून तुम्ही ईट गावच्या मावशीच्या फोटोची जुनी काच काढलीत. तिच्या गालांवरच्या सावल्या पेन्सिलीनं घालवल्या, आईच्या हनुवटीवर होतं तसं गोंदण काचेवर सुईनं खरवडून उमटवलं, छापून हार घातलात. वर्षश्राद्धाला तीच मावशी आली आणि भिंतीकडं बघून थिजलीच. "दाजी, ही तर मीच हाय की! जित्तेपणी हार घातलाव व्हय मला?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "तिच्यावानीच दिसतंय. काचेवरनं छापलाय, फोटोच हाय."

मी म्हटलं, "पण भिंगासमोर आई बसलीच नव्हती."

"तुला काय कळतंय? त्वांड मिट," असं सगळ्यांदेखत म्हणालात. मी मिटलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता ऐका. ज्याचा फोटो, ते माणूस तिथं असावं लागतं. बाकी भिंग असो की नसो. तुमच्याकडं भिंग होतं, काच होती, सुई होती, फक्त आई नव्हती. माझ्या कागदाजवळ आई होती, तिचा घाम त्याला लागला होता. ऊन जिथं तिच्या हातामुळं पोचलं नाही, तेवढंच त्यावर आहे, आणि त्यात मी एक रेघसुद्धा वाढवलेली नाही. सावली म्हणालात ना? बरं, सावली. पण ती तिचीच आहे. रझाकारांच्या धामधुमीत आपण बार्शीला पळालो तेव्हा तुम्ही ती तसबीर उराशी धरलीत, मी कागद पोलक्यात घातला. तुमच्या माघारी दोन्ही माझ्याकडं आले. तसबीर ट्रंकेत आहे. भिंतीवर मी हात लावलाय आणि आल्यागेल्याला ठणकावून सांगते, हा माझ्या आईचा फोटो. चेहरा कुठाय, असं विचारतात. तो कुणी काढलाच नाही, म्हणते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहायला हरकत नाही. डोळे मिटून आईला आठवते तेव्हा हात लगेच येतो, वाकड्या करंगळीसकट. पण चेहरा, अण्णा, तुम्ही गोंदण खरवडलेला मावशीचाच येतो.