दोन काळ्या पुठ्ठ्यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, या गल्लीतल्या फोटो स्टुडिओची जुनी मालकीण, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्या पश्चात काय करावे ते लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची वाटणी करायची नाही. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी मुलगा व मुलगी यांना निम्म्या-निम्म्या. मुलगा सालस आहे, कोणाच्या भांडणात पडत नाही, त्यामुळे त्याचा उल्लेख इथेच संपतो. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

२. स्टुडिओ, दिवे आणि पडद्यांसकट, सुनेला. माझे हात थरथरू लागल्यापासून तीच तो चालवते. "हनुवटी जरा खाली," हे ती इतक्या गोडीने सांगते की गिऱ्हाईक खूश. मला ते कधी जमले नाही. मी जन्मभर माणसे छातीपाशी कापली आणि दोन्ही कान दिसतात ना एवढेच पाहिले. सुट्टीच्या दिवशी मात्र पाखरांच्या मागे. यजमान ट्रायपॉड खांद्यावर घेऊन मागून येत आणि म्हणत, "अंगठ्याएवढं पाखरू, आणि त्याच्यावर ही तोफ!" ती तोफ, म्हणजे लांबची लेन्स, कॅमेऱ्यासह मुलीला द्यावी. चिखलात पालथे पडायची तयारी या घरात फक्त तिचीच आहे.

३. कॅलेंडरवाल्याला काहीही देऊ नये. फुकट सल्लासुद्धा नाही. त्याने कॅलेंडरवर छापताना माझ्या फोटोतल्या धोबी पक्ष्याची शेपटी कापली. दिवसभर शेपटी हलवणे हाच ज्याचा उद्योग, त्याची शेपटी! जाब विचारला तर म्हणतो, "काकू, शेपटी तारखांवर येत होती." मी म्हटले, "मग तारखा कापायच्या!" शेजारणीच्या बोक्याला मात्र माफ केले आहे. तो पाखरांचे जे करतो ते भुकेपोटी करतो.

४. आता पाखरांचे फोटो. लिहायला बसले ती याच कलमासाठी, तेव्हा हे सावकाश वाचावे.

चष्मेवाला नावाचे हिरवट, चिमुकले पाखरू असते. डोळ्याभोवती पांढरे कडे. माझ्या एका फोटोत ते एका कोपऱ्यात, निष्पर्ण फांदीवर बसले आहे आणि पुढे सगळे धुकेच धुके. सुनेने तो स्टुडिओत लावण्यासाठी छापताना धुके कापून टाकले. त्याच आठवड्यात मुलगी आली.

"वहिनी, पाखरापुढची जागा कुठे गेली?"

"कसली जागा, वन्सं? तिथं काहीच नव्हतं."

"ते तिकडे बघत होतं!"

"आता निदान त्याच्या डोळ्याचं कडं तरी दिसतंय."

"कडं बघायचं तर पुस्तकात बघावं."

"आणि धुकं बघायचं तर खिडकीतून!"

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मुलगी रविवारी जेवायला येते, समोरासमोर बसतात आणि सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालतो. "आई, तिला विचार, मीठ हवंय का." "आई, त्यांना सांगा, मीठ पुरे."

खरे कोणाचे, हे दोघींचे मला विचारून झाले आहे. खरे हे की अजून एक पाऊल पुढे टाकले असते तर पाखरू उडाले असते, म्हणून ती जागा राहिली. मग ती पाहत राहिले आणि मला आवडली. सुनेने कापलेलाही आवडला. हे सांगितल्यावर दोघी माझ्यावर रुसल्या.

मला धास्ती एकच आहे. माझ्यामागे निरोप पोचवायला कोणी उरणार नाही, आणि मुलीचे या घरी येणे हळूहळू थांबेल.

म्हणून पाखरांचे सर्व फोटो दोघींच्या सामाईक मालकीचे, वाटणी करू नये. आणि फोटो कुठे कापायचा ते पाहण्यासाठी मी वापरते ते दोन काळे, काटकोनी पुठ्ठे: एक मुलीला, एक सुनेला. एका पुठ्ठ्याने नुसता कोपरा होतो; चौकट व्हायला दोन्ही एकमेकांवर ठेवून सरकवावे लागतात. सून म्हणेल, हल्ली हे कॉम्प्युटरवर होते. होते. तरी छापण्याआधी दोघींनी टेबलाशी बसून, आपापला पुठ्ठा आपल्या हाताने धरून ठरवावे. एकीची मान्यता नसेल तर फोटो छापू नये.

वकीलबाई म्हणाल्या, "ही अट कोर्टात टिकायची नाही हो." मी म्हटले, "जेवणाच्या टेबलावर टिकली तरी भरून पावले."

५. पहिले काम मीच देऊन ठेवते. भिंतीवर लावायला माझा फोटो लागेल. पासपोर्टचा नको, त्यात मी फरारी दिसते. यजमानांनी काढलेला एक आहे. तळ्याकाठी मी पालथी, कोपरापर्यंत चिखल, डोळा कॅमेऱ्याला, आणि फोटोच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या पाठीमागे, नाचण पाखरू शेपटीचा पंखा उघडून बसलेले. फोटो धुऊन आल्यावर मला कळले. "अहो, सांगायचं नाही का?" तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू वळली असतीस, आणि ते गेलं असतं." किती सुखाचा दिवस होता तो.

पाखरू आणि मी यांच्यामध्ये चिखल फार आहे. तो ठेवायचा की काढायचा यावर दोघींचे वाजेल. वाजू दे, पण थेट वाजू दे. माझे सांगणे इतकेच की पाखरू पूर्ण यावे, पंख्यासकट. चौकट अपुरी पडली तर मला कापा.

मजकूर स्वतः वाचला, पटला, सही केली.

सही : स्टुडिओवाली

आमच्यासमोर सही झाली :
१. समोरचे घड्याळदुरुस्तीवाले
२. डॉक्टर (गुडघ्यांबद्दल असहमत)

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, दोघी जेवायला बसण्यापूर्वी