आईची नोंद नाही

७ एप्रिल
आजपासून रोज लिहिणार. हॉस्पिटलचा प्रोजेक्ट माझ्याकडे आला. साठीपुढच्या पेशंटचे जुने रेकॉर्ड कॉम्प्युटरने चाळून मधुमेह, बीपी असे जुनाट आजार शोधायचे. नियम मीच केला. नोंद दोनदा सापडली तर आजार आहे. नाही तर नाही.

१४ एप्रिल
मध्ये जमले नाही. आई म्हणते, थकवा येतो, सारखी तहान लागते. एप्रिलात सोलापुरात कोणाला लागत नाही? तरी तिचे नाव सिस्टिममध्ये टाकले. एकही नोंद नाही. घरी येऊन सांगितले, तुला काही नाही. आई खूश. बायकोने, चंद्रिकेने, विचारले, त्यांना दवाखान्यात कधी नेलंय कोणी? डेटा सगळ्यांना समजत नाही.

२० एप्रिल, रविवार
आईला तपासणीला न्यायचे पक्के केले होते. लॅब बंद. माझा इलाज नव्हता.

२३ एप्रिल
नेले. रक्त उपाशीपोटी द्यायचे असते. वाटेत चहा झाला. लॅबवाल्याने परत पाठवले. चहा आईने मागितला, असे चंद्रिकेला सांगितले. मागितला नव्हता.

२८ एप्रिल, सोमवार
पारा त्रेचाळीसवर. भर दुपारी आई सिद्धेश्वराला जाऊन आली. तापलेल्या फरशीवर लोक टाचांवर पळत होते, ही सावकाश प्रदक्षिणा घालत होती. म्हणाली, सिद्धरामाची कृपा, चटका म्हणून लागला न्हाई. या वयात असे पाय!

२९ एप्रिल
ऑफिसात सगळ्यांना सांगितले. प्रोजेक्टवरचे डॉ. अनिलकुमार हसले नाहीत. आजच आणून दाखवा म्हणाले. आज प्रेझेंटेशनची तयारी. उद्या नक्की.

३ मे
चंद्रिकेने आईचे पाय धुताना पाहिले. दोन्ही तळवे भाजलेले, फोड फुटलेले, बोटांत पू. आईला पत्ताच नाही. चंद्रिकेने पाय पुसून स्वच्छ फडके गुंडाळले. मला विचारले असते तर माझ्याकडे उत्तर होते.

५ मे
ॲडमिट केले. साखर चारशेच्या वर. मधुमेह बरीच वर्षे मुरलेला, पायाची जाणीव गेलेली, वॉर्डातले डॉक्टर म्हणाले. दोन बोटे काढावी लागतील. इतके दिवस काहीच त्रास नव्हता का, असे त्यांनी आईला विचारले. मी खिडकीकडे पाहिले.

आई म्हणाली, "आमचा शिवू हेच काम करतोय की. म्हाताऱ्या माणसांचे आजार हुडकतोय. मला काय असतं तर त्यानं सांगितलं नसतं व्हय?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी खाली वाकून तिच्या चपला खाटेखाली नीट लावल्या.